एअर फ्रायरमधला प्रोटीनचा पदार्थ तिसऱ्या घासाला का अडकतो?

उदगीरच्या जाऊबाईंना दोन महिन्यांपूर्वी टिर्झेपाटाइडचं, म्हणजे वजन आणि साखर उतरवणारं इंजेक्शन सुरू झालं. माझं त्याच जातीचं सेमाग्लुटाइड चालू होऊन आठ महिने झालेत, म्हणजे या एका बाबतीत तरी मी त्यांची थोरली. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि तक्रार ठरलेली असते. "अगं, व्हिडिओत दाखवलं तस्संच केलं. पहिला तुकडा झकास लागला. दुसरा बरा. तिसरा घशाखाली उतरंना बघ. वरून पाणी प्याले तर पोट डब्ब." कधी पनीर, कधी सोया, कधी मुगाचे वडे. पदार्थ बदलतो, तिसरा घास काही बदलत नाही.

माझेही पहिले दोन महिने असेच गेले. २०० अंशावर वीस मिनिटं ठेवलेला पनीरचा तुकडा एकदा सासूबाईंनी दाढेखाली धरून पाहिला, परत ताटलीत ठेवला आणि म्हणाल्या, "काय खाऊलालीस गं हे, खापर?" लातूरच्या घरात याहून नेमकं निदान मिळणार नाही.

या पाककृती भुकेल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात, सगळी गडबड तिथंच आहे. भूक कडकडून लागलेली असली की कोरडं, कुरकुरीत काहीही खपतं, तोंडाला आपोआप पाणी सुटतं. आपलं, म्हणजे ही इंजेक्शनं घेणाऱ्यांचं, तसं राहिलेलं नाही. ही औषधं मेंदूतली भुकेची हाक बारीक करतात आणि जठरातलं अन्न पुढं सरकायचा वेगही कमी करतात. डोस वाढवला की ते जास्तच जाणवतं. सकाळचा चुरमुऱ्यांचा सुशीला दुपारी बाराला अजून पोटातच बसलाय असं वाटतं. त्यात पाणी प्यायचंही ध्यानात राहत नाही, तोंड कोरडं पडतं. अशा तोंडात कोरडा, घट्ट प्रोटीनचा तुकडा गेला की तो बूच होतो.

आणि एअर फ्रायरचं काम काय, तर पाणी काढून घेणं. वर कॉइल, तिच्यामागं पंखा, गरम हवेचा झोत सतत पदार्थावर. कढईतल्या वड्यातनंही पाणी वाफ होऊन जातं, पण त्याच्या जागी थोडं तेल शिरतं आणि वडा जिभेवर मऊ लागतो. इथं गेलेल्या पाण्याच्या जागी काहीच येत नाही. म्हणून परत तळणाकडं वळा, असं मी म्हणत नाही. तेलकट खाल्लं की पोट आणखी सावकाश रिकामं होतं, मळमळ वाढते, करपट ढेकर येतात. एका लग्नात दोन भजी खाऊन मी रात्रभर उशाशी लिंबू घेऊन बसले होते. एअर फ्रायर हवाच, फक्त त्याला पाणी राखायला शिकवायचं.

आधी तुकडा मोडून बघा

काही दुरुस्त करायच्या आधी पदार्थ बाहेर काढून पाच मिनिटं ठेवा आणि मग हातानं मोडा. दाताखाली चर्रचर्र वाजतोय, रबरासारखा ताणतोय, तर प्रोटीन आवळून त्यातलं पाणी पिळून निघालंय. उष्णता जास्त झाली किंवा वेळ. मोडताना पीठ भुगभुगतंय, तर बेसन किंवा डाळ पुरती भिजलेलीच नव्हती. वरून करपलंय नि आत गिळगिळीत कच्चं, तर तापमान चढं आहे किंवा तुकडे मोठे आहेत. आणि रंग पांढराफटक, तरी आत ठणठणीत कोरडं, असं असेल तर विजेचं बघा. या शेवटच्या प्रकारानं मला सगळ्यात जास्त छळलं.

पांढरं पण वाळलेलं

सकाळी अकराला केलेले अंड्याचे कप उत्तम व्हायचे आणि रात्री आठला तेच माप, तेच तापमान घेऊन कागदासारखे. महिनाभर मी अंड्यांना नावं ठेवली. मग दिराच्या पोरानं सॉकेटला लावायचं व्होल्टमीटर आणलं. सकाळी २२८, रात्री आठला १९०. आमच्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर, मोटारी सगळं एकदम सुरू होतं आणि व्होल्टेज बसतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० ला १५०० वॅट देणारी कॉइल १९० ला साधारण १०२० वॅटच देते, म्हणजे तिसरा हिस्सा गायब. पडद्यावर १८० अंश दिसत राहतात, कारण तो आकडा आपण मागितलेला असतो. आत हवा तेवढी तापलेली नसते. पदार्थ खरपूस व्हायला वेळ लागतो, आपण पाच-पाच मिनिटं वाढवत जातो आणि तेवढा वेळ पंखा त्याला वाळवत बसतो. कुरडया वाळवल्यासारखं.

उपाय साधे आहेत. शक्यतो दुपारीच करून ठेवा. रात्रीच करायचं असेल तर रिकामं भांडं आठ-दहा मिनिटं तापू द्या, एका वेळी निम्माच माल घाला आणि वेळ वाढवण्याऐवजी पदार्थावर ब्रशनं अर्धा चमचा तेल फिरवा, रंग लवकर येतो. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर याला लावू नका, तो एवढा भार घेणाऱ्यातला नसतो. घरच्या इन्व्हर्टरवर तर नाहीच. आणि प्लग १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच लावा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, मोबाईल चार्जरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही. आमचं एक सॉकेट वितळल्याचा वास आला तेव्हा हे हिशेब मी मांडले, शहाणपण म्हणून आधी नाही.

सोया

सोयाबीन हा आमच्याकडचा राजा. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव काय निघाला यावर इथले सण ठरतात. सोया वडीत शंभर ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे कोरडी पन्नास ग्रॅम वडी घेतली तर २६. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला ७० ग्रॅम सांगितलंय, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एका वाटीत. (निरोगी माणसासाठी किलोमागं ०.८३ ग्रॅम असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं माप आहे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून आपल्याला बहुधा त्याहून जास्त सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.)

पण एअर फ्रायरमध्ये सगळ्यात जास्त बिघडते ती सोया वडीच, आणि चूक पिळण्यात असते. वास जावा म्हणून मिठाच्या पाण्यात सात मिनिटं उकळायची, दोन-तीनदा धुऊन पिळायची, इथवर सगळे बरोबर करतात. मग ती घट्ट पिळलेली, स्पंजसारखी पोकळ वडी तशीच मसाला लावून आत टाकतात. आतल्या भोकांत पाणी नाही, बाहेरून गरम हवा. होणार काय? बूच.

पिळल्यावर तिला पुन्हा पाजायचं. एक वाटी दाट ताक, आलं-लसूण, हळद, मीठ, नेहमीच्या निम्मं काळं तिखट, आणि त्यात वडी किमान अर्धा तास बुडवून ठेवायची. बोटानं दाबली की ताक बाहेर यायला हवं. मग वरून एक चमचा बेसन भुरभुरायचं, म्हणजे ताक वडीला धरून राहतं, थोडं तेल, आणि १८० वर आठ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. वरचा थर कोरडा दिसला की काढायची. आतून ती ओलीच असली पाहिजे. एवढं करूनही नकोशी वाटली तर ती वाटून, एक अंडं किंवा उकडलेला बटाटा घालून टिक्की करा. दळलेली सोया गिळायला कधीही सोपी.

तीनदा धुवायचं पाणी बघून सासूबाईंचा जीव खालीवर होतो. २०१६ साली दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा त्यांनी घागरी मोजून संसार केलाय. ते पाणी मी आता भांड्यांच्या पहिल्या विसळणीला ठेवते, त्यामुळं घरात शांतता आहे.

घरच्या शेतातल्या अख्ख्या सोयाबीनचं वेगळं. जाऊबाईंनी रात्रभर भिजवून सरळ एअर फ्रायरमध्ये फुटाण्यासारखे भाजले आणि दोन दिवस पोट धरून बसल्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचायला अडवणारे घटक असतात, ते ओल्या उष्णतेनंच नीट मोडतात. भिजवून कुकरला आधी मऊ शिजवायचं आणि मगच भाजायचं. वाटून वापरायचं असेल तर भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून पाच-सात मिनिटांनी वाटा. थंड पाण्यात वाटलं की तो कच्चट, उग्र वास सुटतो, आणि मळमळीच्या दिवसांत त्या वासानंच काम तमाम.

पनीर

पनीर वितळत नाही, आवळतं. आम्लानं फाडलेल्या दुधाचं असल्यानं जास्त तापलं की ते पाणी सोडत घट्ट होत जातं, आणि कमी फॅटचं तर अजून लवकर रबर होतं. म्हणून इथं काटकसर करू नका, साईसकटच्या दुधाचंच आणा. शंभर ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम प्रोटीन. तुकडे बोटाच्या एका पेराएवढे, कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं, निथळून चक्क्याचा जाड लेप, १९० वर सात मिनिटं. चक्का सुकेपर्यंतच, पनीर तापेपर्यंत नाही. लेपाशिवाय पनीर एअर फ्रायरमध्ये घालणं मी सोडून दिलंय.

सुटं पनीर शंकास्पद वाटलं तर एक तुकडा उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाका. निळंकाळं झालं तर त्यात स्टार्च आहे.

डाळीचे वडे, आणि कढी

मुगाच्या किंवा तुरीच्या वड्यांत चूक मिक्सरपाशी होते. पाणी जास्त पडतं, पीठ सैल होतं, मग वरून कोरडं बेसन ढकलायचं. ते बेसन भिजायला वेळ मिळत नाही आणि वडा दगड. डाळ चार तास भिजवा, चाळणीत पूर्ण निथळवा, पाण्याशिवाय भरड वाटा. मग हातानं दोन-तीन मिनिटं फेसा, रंग थोडा फिका होईपर्यंत. हवा आत गेली की वडा हलका होतो. किसलेला दुधी घातला तर आतून वाफ मिळत राहते.

खरा शोध मात्र मला आमच्या जुन्या कढीगोळ्यांत लागला. आजी ते गोळे उकळत्या कढीतच सोडायची, अर्धे फुटायचे. मी ते १८० वर आठ मिनिटं फ्रायरमध्ये नुसते बांधून घेते. वर पातळ पापुद्रा येतो, आत ओलं. मग तेच गोळे गरम कढीत टाकून झाकण. दहा मिनिटांत फ्रायरनं काढून घेतलेलं पाणी कढी परत भरून देते, आणि गोळा चमच्यानं तुटतो. ऐंशी ग्रॅम तूरडाळीत साधारण १७ ग्रॅम प्रोटीन, दहा गोळे होतात. तीन गोळ्यांत पाचेक ग्रॅम, कढीतल्या ताकाचं थोडं वर. आकडा फार मोठा नाही, पण हे पाच ग्रॅम पोटात राहतात. जाऊबाईंचे सोयाचे वीस ग्रॅम ताटात राहायचे.

हे सूत्र कुठंही चालतं. कोरडं झालंच तर फेकू नका, त्याला पातळ द्या. पनीर येसर मसाल्याच्या आमटीत, चिकन रश्श्यात, वडे ताकात. कुरकुरीतपणा जाईल. जाऊ दे.

अंडं

अंड्याचे कप १८० वर करायचे नाहीत, कुणीही सांगो. आत जाळी पडते, तळाला पाणी सुटतं आणि गंधकासारखा वास येतो. १५० वर दहा ते बारा मिनिटं. दोन अंडी, दोन चमचे चक्का, मीठ, बारीक कांदा, स्टीलच्या छोट्या वाट्यांना तेलाचं बोट. मधला भाग किंचित थलथलत असतानाच काढायचे, बाहेर ठेवल्यावर ते आपोआप बसतात. अंड्यामागं सहा ग्रॅम धरा. वर फॉइल झाकायचीच असेल तर वाटीच्या काठाला घट्ट दाबून. सैल फॉइल किंवा रिकामा बटर पेपर पंख्याच्या झोतानं उडून कॉइलला चिकटतो. कोथिंबिरीची पानंही तशीच उडतात, ती वरून भुरभुरू नका, आत कालवा.

आणि हे कप गार खा. "गरमागरम" ही आपल्या घराघरातली माया असली तरी मळमळत असताना गरम वाफेचा वासच आधी नाकात चढतो. फ्रिजमधला गार कप मी इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशीही खाऊ शकते, गरम नाही.

चिकनचं थोडक्यात: छातीचं मांस दोन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे अर्ध्या लिटरला दहा ग्रॅम मीठ, दोन तास फ्रिजमध्ये. मिठानं मांस पाणी धरून ठेवतं. आतलं तापमान ७४ अंश झालं की थांबायचं. दोनशे रुपयांचा सुईचा थर्मामीटर पुरतो. ज्यांना तेवढंही नको त्यांनी मांडीचं मांस घ्यावं, ते सहसा कोरडं पडत नाही.

गोडाची हौस

व्हे पावडरचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनच्या भुकटीचा केक रबर होतो, कारण लोक मैदा पूर्ण काढून सगळी पावडरच घालतात. कोरड्या पिठाच्या चौथाईपेक्षा जास्त व्हे नको, आणि तापमान १५०. मला स्वतःला तो केक आवडतच नाही, तोंडात खडूसारखा फिरतो.

त्यापेक्षा चक्का. एक लिटर दुधाच्या दह्यातून निघालेल्या चक्क्यात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन उतरतं. त्यात एक अंडं, दोन चमचे किसलेला गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. चार वाट्यांत भरून वर फॉइल, १५० वर अठरा मिनिटं, मग रात्रभर फ्रिज. एका वाटीत सातेक ग्रॅम, चार चमच्यांत संपणारं, न चावता जाणारं. मधुमेह असेल तर गूळ अर्ध्यावर आणा. चक्का बांधल्यावर निथळलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यातही प्रोटीन आहे. वरणात घाला.

सासूबाई याला "ते तुझं औषधाचं श्रीखंड" म्हणतात आणि चारांतली एक वाटी रोज कमी भरते.

फ्रायर निर्दोष असतो तेव्हा

सगळं ओलं, मऊ केलं तरी तिसरा घास अडकतोय, तर घास मोजा. मी जेवणाच्या वेळा मोडून दिवसाचे पाच भाग केलेत, आणि ताटात पहिल्यांदा प्रोटीन, मग भाकरी. भाकरी आधी खाल्ली की गोळ्यांना जागाच उरत नाही. पाणी जेवताना घटाघट नाही, मधल्या वेळेत घोट घोट. नुसत्या प्रोटीनच्या मागं लागून भाजी सोडली तर पोट साफ होणं थांबतं, ते या औषधात तसंही मंदावलेलं असतं. वाटीभर शिजलेली पालेभाजी सोडू नका.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी बरोबर चालू असेल आणि खाणं निम्म्यावर आलं असेल, तर त्या औषधाचं माप डॉक्टरांना आजच विचारा, घाम-थरथर सुरू व्हायची वाट बघू नका. वरच्या पोटात जोराची कळ, पाठीकडं जाणारी, थांबतच नाही आणि बरोबर उलट्या, तर पदार्थ बदलत बसू नका, थेट दवाखाना. पाणीही पोटात टिकत नसेल तरी तेच. डोस वाढवल्या वाढवल्या त्रास झाला तर पुढचा डोस आपल्या मनानं घेऊही नये आणि सोडूही नये, फोन करून विचारावं.

डब्यात नेलेले वडे दुपारी परत कडक होतात, हे विचारणाऱ्या तिघी-चौघी आहेत. वडे गरम असतानाच डबा बंद करू नका, वाफ आधी बाहेर जाऊ द्या, नाहीतर वरून चिकट नि आतून कोरडे होतात. ताकाची छोटी बाटली वेगळी न्या आणि खायच्या दहा मिनिटं आधी वड्यांवर ओता. घरी परत गरम करायचे तर हात ओला करून वड्यांवरून फिरवा, १६० वर तीन मिनिटं, चौथं नाही.

जाऊबाईंचे ज्वारीचं पीठ लावलेले मुगाचे वडे मात्र अजून सुटलेले नाहीत. ज्वारी गार झाली की आवळते, आणि दुधी घालूनही दुसऱ्या दिवशी त्याच्या गोट्या होतात. या रविवारी पिठाला आधी भाकरीसारखी उकड काढून बघणार आहे.